एकदा थांब, दोनदा चल

प्रिय कंडक्टर आजी,

आधीच सांगून ठेवते, मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. त्यामुळे तू कशी आहेस, मी बरी आहे, असलं काही लिहिणार नाही. तू कशी आहेस ते मला कळलं आहे, आणि मी बरी नाही. हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार याची चिंता करू नकोस. सूनबाईंना त्रास द्यायचा नाही आणि मुलाला तर मुळीच नाही. ती सोय मी केली आहे.

आपली ओळख एका किल्लीमुळे झाली. तुझी किल्ली आमच्या खिडकीखाली पडली होती आणि तू फरशीवर हात फिरवत शोधत होतीस. मी वरून सांगत होते, डावीकडे, अजून थोडं, आता पुढे. तू वर तोंड करून विचारलंस, एवढं सगळं दिसतंय तर खाली येऊन द्यायला काय पाय दुखतात का. मी म्हटलं, मला एकटीला खाली यायची परवानगी नाही. तू वय विचारलंस, मी सोळा सांगितलं. तू म्हणालीस की मी कंडक्टर होते तेव्हा बसमध्येही असे उतारू असायचे, खिडकीला नाक लावून बसायचे आणि स्टॉप आला तरी उतरायचं नाव घ्यायचे नाहीत. त्या दिवसापासून मी तुझी खिडकी झाले. माझं खरं नाव तू कधी घेतलंच नाहीस.

आईचं कारण तुला नंतर कळलं. जिन्याजवळच्या बोळातला बल्ब गेला होता, तो आणायला बाबा कोपऱ्यावर गेले आणि एका ट्रकनं त्यांना परत येऊ दिलं नाही. मी तेव्हा इतकी लहान होते की मला फक्त त्यांच्या चपलांचा आवाज आठवतो. त्यानंतर आईनं दोन गोष्टी केल्या. त्या बोळात परत दिवा लावला नाही आणि मला रस्त्यावर एकटं सोडलं नाही. शाळेत सोडायला ती, आणायला ती. बाकी दिवसभर ती शिवणयंत्रावर नर्सबाईंचे गणवेश शिवायची आणि मी खिडकीत. तिचा राग कधी करता आला नाही, कारण ती ओरडायची नाही, नुसती पांढरी पडायची.

आणि मग तू भिंतीला हात लावत आमचा जिना चढलीस. आईला म्हणालीस, डावा डोळा तर कधीचाच गेलाय, उजव्यात मोतीबिंदू पिकलाय, बाजारात नि दवाखान्यात जायला कुणीतरी हात धरणारं हवं, तुमची मुलगी द्याल का. आंधळ्या म्हातारीला नाही कसं म्हणायचं, आईची जीभ रेटेना. तिला वाटलं, म्हातारी बाई बरोबर आहे, पोरीवर लक्ष ठेवील. तिकडे तू मुलाला फोनवर सांगितलंस की शेजारची पोर माझ्यावर लक्ष ठेवते. दोघंही निर्धास्त. एवढी सरळसोट फसवाफसवी मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला ती फार आवडली होती.

पहिल्या दिवशी चौकात मी विजेच्या खांबाला धरून उभी होते. तुझा हात माझ्या खांद्यावर होता. मी विचारलं, आता जायचं का. तू म्हणालीस, मला काय विचारतेस, रस्ता ड्रायव्हरनं बघायचा असतो, कंडक्टर फक्त घंटा देतो. आणि तुझा कायदा सांगितलास. खांद्यावर एकदा टकटक म्हणजे थांब, दोनदा म्हणजे चल. पण चल म्हटलं तरी गाडी केव्हा काढायची ते ड्रायव्हरनं ठरवायचं. तू दोनदा टकटक केलीस. मी किती तरी वेळ उभीच. मागची माणसं पुढे गेली, त्यांच्या मागची गेली. तू एका शब्दानं घाई केली नाहीस. शेवटी मी पाऊल टाकलं आणि आपण पलीकडे पोचलो. पलीकडे पोचल्यावर तू इतकंच म्हणालीस की ब्रेक चांगले आहेत, आता जरा इंजिनाचं बघू.

मग तू मला काय काय करायला लावलंस. भाजीवाल्याशी घासाघीस, कचेरीतल्या कारकुनाला उलटून विचारणं, अनोळखी माणसाला पत्ता विचारणं. एकदा मी आपल्याला भलत्याच बसमध्ये बसवलं आणि आपण गावाच्या दुसऱ्या टोकाला उतरलो. मी रडकुंडीला आले. सगळं आयुष्य बसमध्ये घालवलेली बाई तू, तुला नुसत्या वळणांवरून कळलं असणार आपण कुठे चाललोय ते. पण एका पायरीवर फतकल मारून तू जाहीर केलंस की गाडी पुढे काढेपर्यंत मी झोपते. खरंच डोळे मिटून बसलीस. मी तिघांना विचारून आपल्याला घरी आणलं. जिन्यात आई पांढरीफटक उभी होती. तिला तू सांगितलंस की चूक माझी, मीच चुकीचा नंबर सांगितला.

बल्बची गोष्ट तर तू सगळ्यांना रंगवून सांगायचीस. त्या संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या त्याच दुकानातून बल्ब आणला, एकटी गेले, तू जिन्यात बसून राहिलीस. स्टूल तू धरलंस, मी चढले. आई दळण घेऊन आली आणि बोळात उजेड. ती डबा खाली ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं आता गेलं सगळं. पण तिनं फक्त बल्ब कुठून आणला ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाली, परत येताना रस्त्याच्या कडेनं आलीस ना. त्या रात्री ती खूप रडली, पण दिवा तिनं बंद केला नाही.

आता भांडणाकडे येते.

तुझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आई तुला भेटायला आली होती. चांगल्या मनानं म्हणाली, आता तुम्ही सुटलात, दिसायला लागलं की हिलाही घेऊन फिरायला नको, हिची पायपीट संपली. मी चहाचे कप उचलत होते. माझं तोंड कसं झालं असेल ते तुला तेव्हा दिसणं शक्य नव्हतं, पण कप आपटल्याचा आवाज आला असेल.

पट्टी काढायच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते. तू आतून आलीस, दारात उभी राहिलीस आणि नुसती माझ्याकडे तोंड करून राहिलीस. मग म्हणालीस, नशीब फुटकं गं, काही फरक नाही. मी रडायला लागले, आणि तू समोर बसून माझ्या चेहऱ्यावरून बोटं फिरवलीस. म्हणालीस, हनुवटीला खळी आहे की तुला, इतके दिवस बोलली नाहीस. तुझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला वाटलं, डोळा गेला म्हणून.

त्यानंतर आपण कितीतरी फिरलो. डोळा चुरचुरतो म्हणून तू थेंबांची बाटली मागवायचीस, मी औषधवाल्याकडून आणून द्यायचे. नर्सिंगच्या कॉलेजचा अर्ज आणायला आपण गेलो तेव्हा चौकात तू माझ्या खांद्यावर एकदा टकटक केलीस. मी थांबले, आणि माझ्या नाकासमोरून एक सायकलवाला उलट्या बाजूनं सर्रकन गेला. घंटा नाही, आवाज नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं की आजीचे कान किती तिखट आहेत.

मग तुझा मुलगा आला. त्याला तू फोनवर ऑपरेशन फसल्याचं सांगितलं होतंस, दुसरं काय सांगणार, आमची नि त्याची फोनवर बोलणी व्हायची, खरं सांगितलं असतंस तर ते आमच्या कानावर आलंच असतं. तो म्हणाला, दोन्ही डोळे गेलेल्या आईला मी एकटं कसं ठेवू. तुझा मुलगा वाईट नाही गं. तो माझ्या आईसारखाच आहे, जीव लावतो आणि बाहेरून कडीही लावतो. तुला त्याच्या गावी न्यायचं म्हणून तुझा स्टोव्ह त्यानं देऊन टाकला, खोली रिकामी केली. माझा निकाल लागायचा होता, कॉलेजचं काहीच ठरलं नव्हतं. एका वाक्यानं तुझं घर वाचलं असतं. तू ते बोलली नाहीस. गाडीत बसताना तू माझ्या खांद्यावर दोनदा टकटक केलीस आणि मी वेड्यासारखी हसले.

मागच्या सुट्टीत मी घरी गेले होते. फळा अंधुक दिसतो म्हणून चष्म्याचा नंबर काढायला तुझ्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, तुझी आजी काय म्हणते, इतकं छान झालेलं ऑपरेशन, पट्टी काढल्या काढल्या समोरच्या पाटीवरची सगळ्यात खालची ओळ वाचली होती त्यांनी. मग म्हणाले, फक्त त्या डोळ्यातला दाब वाढतो, थेंब जन्मभर चुकवायचे नाहीत, घालताय ना.

आजी, मी त्या खुर्चीवरून उठलेच नाही. त्यांना वाटलं मला चक्कर आली.

तिथूनच मी सूनबाईंना फोन लावला. त्या बिचाऱ्या मन मोकळं करून बोलल्या. म्हणाल्या, सासूबाईंनी आल्यावर थेंब कधी मागितलेच नाहीत. मागशील कशी, गेलेल्या डोळ्यात थेंब कशाला असं कुणी विचारलं असतं तर? आणि कोपऱ्यावरून बाटली आणून देणारी तुझी खिडकी तिथे नव्हती. मग त्या म्हणाल्या, एका संध्याकाळी मात्र त्यांनी फारच हट्ट धरला. मला दिसतं, मला माझ्या घरी सोडा, म्हणायला लागल्या. मी दिवस विचारला. माझ्या प्रवेशाचं सांगायला मी तुला फोन केला होता, तो दिवस. तू म्हणाली होतीस, चला, आपली ड्युटी संपली. मला वाटलं तू थट्टा करते आहेस.

तुझ्या मुलानं तुला दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. तू चाललीस, आणि बाजूच्या स्टुलाला अडखळून पडलीस. डोळ्यातला दाब असाच असतो, आधी कडेकडेचं चोरतो, समोरचं ठेवतो, माणसाला पत्ताही लागत नाही. हे आता मला वर्गात शिकवतात. त्यांनी तुला उचलून पलंगावर ठेवलं आणि समजूत घातली. तेव्हापासून तू काही मागत नाहीस, उठत नाहीस. आणि जे समोरचं उरलं होतं तेही केव्हा गेलं, ते घरात कुणाला कळलंसुद्धा नाही, कारण त्यांच्या लेखी तू आधीपासूनच आंधळी होतीस. मी आमच्या बाईंना विचारलं, दाबानं गेलेली नजर परत येते का. त्या नाही म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा नाही म्हणाल्या.

कुणी सांगितलं होतं तुला? मी मागितलं होतं का? मी खिडकीत बसून म्हातारी झाले असते तरी चाललं असतं. नाही, चाललं नसतं, आणि तेच तर मला सहन होत नाही. रोज सकाळी मी एकटी रस्ता ओलांडून वॉर्डात जाते, रोज तो रस्ता मला तुझ्या डोळ्यानं दिसतो, आणि मी तो तुला परत देऊ शकत नाही.

आईला सगळं सांगितलं. ती माझा गणवेश शिवत होती, दुसऱ्यांच्या मुलींचे शिवून शिवून शेवटी स्वतःच्या मुलीचा. तिनं यंत्र थांबवलं. म्हणाली, "त्यांना खोटं मीच बोलायला लावलं." मग उठून तिनं माझी पिशवी भरली. कोपऱ्यावरच्या ज्या स्टॉपवर ती बाबा गेल्यापासून पाऊल ठेवत नव्हती, तिथे मला पोचवायला आली आणि बस वळेपर्यंत उभी राहिली. तुझ्या मुलालाही मी फोनवर सगळं सांगितलं आहे. त्याच्यावर रागावू नकोस, तो सध्या स्वतःवर पुरेसा रागावला आहे.

आता सोयीचं सांगते. हे पत्र टपालात पडलेलं नाही. ते माझ्या हातात आहे, आणि आत्ता तुझ्या पलंगाशेजारी बसून ते वाचतेय ती मीच आहे. बोलायला गेले असते तर पहिल्या वाक्याला रडले असते, म्हणून लिहून आणलं. तीन बस बदलून आले, एकही चुकले नाही. तुझ्या मुलाच्या या गावातल्या इस्पितळात मी शिकण्यासाठी बदली मागून घेतली आहे, इथून दोन गल्ल्या पलीकडे खोली बघितली आहे, आणि बाहेरून कडी लावणार नाही असं मुलाकडून वचन घेतलं आहे. वाचून झालं की मी याची घडी घालीन, तुझ्या चपला तुझ्या पायांपुढे ठेवीन आणि तुझा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवीन. रस्ता मी बघते आजी, गाडी कधी काढायची ते मी ठरवते. पण तुझ्या घंटेशिवाय मी जागची हलणार नाही. आज नाही दिलीस तर उद्या येऊन बसेन, उद्या नाही तर परवा. घाई नाही. तूही त्या चौकात माझी केली नव्हतीस.

तुझीच,
खिडकी