उसनी जीभ

३ मार्च, सोमवार

आजही नाही. उठल्या उठल्या लसणाची पाकळी चावली. जीभ चुरचुरली, पण लसूण नाही! टूथपेस्टचा नुसता थंडावा. चहा म्हणजे गरम, ओलं काहीतरी. ताप उतरला, अंगात ताकद आली, बसलेला आवाज परत आला. चव आणि वास मात्र गेले ते गेलेच. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. काहींना महिने लागतात. काहींना तर..." आणि तेवढ्यात त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या कोणाचं चाललं असतं. शिंप्याची चव गेली म्हणून त्याचं मशीन बंद पडत नाही. माझी नोकरीच चव बघायची! सॉसच्या कारखान्यात एकही बॅच माझ्या तोंडात गेल्याशिवाय बाटलीत जात नाही. तिथे मला नावाने कोणी हाकच मारत नाही. "जीभताई" म्हणतात. आता जीभताईंना काही लागत नाही हे सांगायचं कोणाला? ह्यांनाही सांगितलेलं नाही. हे ट्रकवर, आठवड्यातून एकदा घरी येतात ते झोपायला. सासूबाईंना सांगायचं तर प्रश्नच नाही. बोलायला एक विषय मिळेल त्यांना.

५ मार्च, बुधवार

मोठ्या मॅडमनी बोलावलं. नवीन सॉस काढायचाय, अ‍ॅव्होकॅडो टोस्टवर घालायचा, तिखट. "हल्ली सकाळी घरोघरी हेच खातात," म्हणाल्या. मिक्सिंगवाले दादा नमुने करून देणार. मी ते घरी न्यायचे, टोस्ट करायचा, वर घालून खायचं आणि शेरा लिहून द्यायचा. विसाव्या तारखेला सगळ्यांसमोर शेवटची चव. "तुमच्या जिभेवर सोडलंय सगळं," मॅडम हसून म्हणाल्या.

रोजच्या बॅचचं निभतंय. कृती तीच, मापं तीच. मी चमचा तोंडात घालते, डोळे मिटते, मान हलवते. नाटक नुसतं! पण नवीन सॉसचं कसं निभायचं?

६ मार्च, गुरुवार

अ‍ॅव्होकॅडो आणले. दगड! काट्याने कुस्करायला गेले तर काटाच वाकला. सासूबाई दारात उभ्या. "हे फळ आहे का साबणाची वडी? आणि ह्याला एवढे पैसे?" म्हटलं, आई, ऑफिसचं काम आहे. "ऑफिसात साबण खातात?"

८ मार्च, शनिवार

भाजीवालीने सांगितलं, कागदात गुंडाळून केळ्यांबरोबर ठेवा. ठेवले. आज अंगठ्याखाली दबले. कापले, बी काढली, कुस्करले, लिंबू पिळलं, मीठ घातलं. ब्रेड भाजला, वर तो हिरवा थर, वर दादांचा पहिला नमुना. घास घेतला. कुरकुरीत, मग मऊ, मग ओठांना आग. बस. तिखट तेवढं कळतं, कारण ती चव नाहीच, तो मार आहे. बाकी ओला कापूस.

शेऱ्याचा कागद कोरा घेऊन बसले. रडूच येत होतं. तेवढ्यात सासूबाईंनी दुसरा टोस्ट उचलला. बावीस वर्षांत माझ्या हातचं काही त्यांनी निमूटपणे खाल्लेलं नाही, तर आज काय खाणार!

"मीठ कुठाय? गोड कशाला केलंयस एवढं? घशात राहतंय ते. लसूण कच्चा. आणि हा ब्रेड भाजलायस का नुसती ऊब दिलीस त्याला? खालून मऊ पडलाय बघ."

एरवी मी पाठ फिरवून भांडी आपटली असती. आज पेन उचललं. शब्दन् शब्द उतरवला!

१० मार्च, सोमवार

दादा धावत आले. "जीभताई, मानलं तुम्हाला! साखर मी खरंच वाढवली होती. लसूणही कमी परतला होता. कसं ओळखता हो?" मी नुसती हसले. आपण चोरी केलीय असं वाटत राहिलं दिवसभर.

११ मार्च, मंगळवार

दुसरा नमुना. आता टोस्टचं तंत्र जमायला लागलंय. ब्रेड दोन्हीकडून कडक भाजायचा आणि उभा करून ठेवायचा, आडवा ठेवला की वाफेने ओलावतो. अ‍ॅव्होकॅडो अगदी लोण्यासारखा करायचा नाही, थोडे गोळे राहू द्यायचे. सॉस आत कालवायचा नाही, वरून घालायचा, म्हणजे आधी तिखट लागतं आणि मग खालचा थर विझवतो. विझवतो असं सासूबाई म्हणाल्या. मला कुठलं कळायला?

"मिरची पुढे पळतेय, लिंबू मागे राहिलंय," हेही त्यांचंच. नाकाने कांदे सोलणारी बाई, पण जीभ आहे खरी! मी विचारलं, अजून काय, आई? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "इतकी वर्षं मी काही म्हटलं की तुझं तोंड वाकडं व्हायचं. आता म्हणतेस अजून काय? बरी आहेस ना?"

१२ मार्च, बुधवार

थकले. काम काही फार नाही, पण खोटं वागण्याने माणूस दमतो. जेवण म्हणजे नुसतं चावायचं काम. पोळी चावा, भात चावा, गिळा, ताट उचला. मसाल्याचा डबा उघडला की नाक आपोआप पुढे जातं आणि तसंच परत येतं. डब्यात जणू रंगीत माती.

१४ मार्च, शुक्रवार

तिसरा नमुना. सासूबाई हल्ली टोस्टची वाट बघत बसतात! हात धुऊन, खुर्ची ओढून, परीक्षक असल्यासारख्या. आज म्हणाल्या, "मीठ आलं बाई एकदाचं. पण आंबटपणा अजून भित्रा आहे. आणि तू का खात नाहीस माझ्यासमोर?" म्हटलं, मी आधीच खाल्लं. "कधी?" मी नळ सोडला.

शेऱ्यात लिहिलं: आंबटपणा वाढवावा. मॅडमनी खाली सही केली.

१६ मार्च, रविवार

दूध उतू गेलं. नुसतं उतू नाही, जळलं, पातेलं काळं झालं. मी तिथेच, शेगडीपासून हातभर अंतरावर, पेपर वाचत बसलेली. सासूबाई आतल्या खोलीतून ओरडत आल्या. "अगं, दूध! घरभर वास सुटलाय! नाक कुठे ठेवलंयस?" खोलीत धूर. मी पेपर हातात धरून बघतच राहिले. म्हटलं, सर्दी झालीय थोडी.

त्यांनी गॅस बंद केला. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पातेलं उचललं आणि स्वतः घासायला घेतलं. आश्चर्यच!

१८ मार्च, मंगळवार

चौथा नमुना, शेवटचा. जिवाचा आटापिटा करून टोस्ट केला. अ‍ॅव्होकॅडो अगदी बरोबर पिकलेला, आत एक काळी रेघ नाही. ब्रेडचा आवाज असा की शेजारी ऐकू जावा.

सासूबाईंनी घास घेतला. थांबल्या. गिळला. पाणी प्यायल्या. परत घास. सगळा संपवला. मी पेन घेऊन उभी. अजून काय, आई?

"काही नाही. छान झालंय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. छान? म्हणजे कशात काहीच कमी नाही? "छान म्हटलं ना! किती वेळा म्हणू?" आणि उठून गेल्या.

बावीस वर्षांत पहिल्यांदा! कशाला खोटं बोलू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ती बाई छान म्हणते म्हणजे त्यात काही खोट असणं शक्यच नाही. शेऱ्यात एकच शब्द लिहिला. पसंत.

२० मार्च, गुरुवार

संपलं.

लांब टेबल, सगळ्यांसमोर छोटे टोस्ट, मधोमध बाटली. मॅडम म्हणाल्या, "जीभताईंनी पास केलाय, म्हणजे प्रश्नच नाही." सगळ्यांनी एकदम घास घेतला आणि सगळ्यांची तोंडं एकदम आवळली. विक्रीवाल्या साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. कोणीतरी खोकायला लागलं. मी मात्र शांतपणे चावत बसले होते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी चावत होते.

दादांचा चेहरा पांढरा पडला. व्हिनेगर दोनदा पडलं होतं त्यांच्या हातून. "पण ताई, तुम्ही हे पास केलंत? हे?"

काय सांगणार? सांगितलं. उभी राहिले आणि म्हटलं, मला चव लागत नाही. तापानंतर गेली. वासही नाही. आतापर्यंतचे सगळे शेरे माझ्या सासूबाईंचे आहेत. कोणीतरी हसलं, मग त्यालाच कळलं की ही थट्टा नाही. मॅडम कितीतरी वेळ बाटलीचं झाकण फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "आधी का नाही बोललात?" एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्यापासून लेबलांकडे बसायचं. पुढचं पुढे बघू म्हणाल्या. पुढे काय ते मला कळतं. चमच्यांचा माझा खण रिकामा करून आले.

घरी आले ती तडक सासूबाईंपुढे उभी राहिले. परवाचा टोस्ट आंबट नव्हता?

"होता ना. दात आंबले माझे."

मग छान का म्हणालात?

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "दूध जळालं त्या दिवशी कळलं मला. म्हटलं, पोरीला काही लागत नाही, वास येत नाही, तरी बिचारी रोज उभी राहून करतेय. तिला काय नावं ठेवायची? एकदा तरी बरं बोलावं."

माझा तोल गेला. ओरडले मी. आई, बावीस वर्षं मला सोललंत आणि दया आली ती नेमकी परवा! तुमच्या त्या एका छानपायी माझी खुर्ची गेली!

मी दार लावून घेतलं. त्यांचा काय दोष, हे ओरडताना सुद्धा कळत होतं. तरी ओरडले.

२१ मार्च, शुक्रवार

लेबलं. सरळ चिकटली की पुढे, वाकडी चिकटली की बाजूला. दादा चहा घेऊन आले, ठेवून गेले. मी प्यायले. गरम होता.

२२ मार्च, शनिवार

हे आले. सगळं सांगितलं त्यांना. "मला तरी सांगायचंस," म्हणाले आणि शेजारी बसून राहिले. झोपले नाहीत. बरं वाटलं.

सासूबाई समोर वाढलेलं गुपचूप खातात. आज भाजीत मीठ दोनदा पडलं असावं, ह्यांनी घास तोंडात घेतला आणि आईकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. मी पाहिलं ते. ह्या घरात आता मला कोणी नावं ठेवणार नाही. म्हणजे मी कामातून गेलेच! किती वर्षं वाटायचं, ह्या बाईने एक दिवस तोंड बंद ठेवावं. आता ठेवलंय तर घर खायला उठतंय.

२३ मार्च, रविवार

उठावंसं वाटत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडले होते. काहीतरी जळतंय, असं मनात आलं आणि मी कूस बदलली. मग ताडकन उठून बसले. जळतंय? मला कसं कळलं?

धावत स्वयंपाकघरात. सासूबाई ओट्याशी, हातभर हिरवं माखलेलं, ताटलीत काळा ठिक्कर टोस्ट. कानकोंड्या होऊन म्हणाल्या, "तुझ्यासाठी केला. नसेल खायचा तर राहू दे."

तिथेच उभ्या उभ्या घास घेतला. सावकाश चावला. परत एक घेतला.

"टोस्ट करपलाय," मी म्हटलं. "मीठ घातलेलंच नाही. आणि लिंबू केवढं पिळलंत, आई!"

त्यांनी चाचपडत खुर्ची ओढली आणि बसल्या.

"परत म्हण," म्हणाल्या.