अपुरा नमुना

१४ मार्च

प्रिय ठमे,

इतके दिवस तुला काही लिहिलं नाही, रागावली असशील. माफ कर. कामाचं निमित्त सांगणार होते. प्रयोगशाळेत मातीच्या पिशव्यांचा ढीग पडलाय हे खरं, पण कारण ते नाही.

तुझा रिपोर्ट चांगला आला आणि मला तुझा हेवा वाटला.

तक्रार दोघींची एकच, अवेळी रक्त जाण्याची, डॉक्टरीणबाई त्याच, तपासणीही तीच: गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढायचा. तू ओरडून दवाखाना डोक्यावर घेतलास, मी हूं की चूं केलं नाही. तुझं सगळं ठीक निघालं. माझ्या रिपोर्टात आलं, नमुना अपुरा. मनात आलं, यातसुद्धा हीच पहिली! तुझा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "माझ्यातही काही निघालं नाही." शब्दशः खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त टोचतं. ह्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, चला, दोघी बहिणी सुटलात.

आणि मी काम काय करते? चिमूटभर माती पाठवणाऱ्यांना ती परत धाडते, एवढ्यावरून शेताचं काही सांगता येत नाही म्हणून. "म्हणजे जमीन चांगली ना?" असं कुणी विचारलं की आम्ही टेबलापाशी हसतो. स्वतःच्या बाबतीत मात्र मी तेच धरून बसले. पुन्हा तपासून घ्यायचं म्हणजे तुझ्यामागे राहिले हे कबूल करायचं, असं काहीसं डोक्यात होतं. शिवाय तुझा हेवा करत होते तोवर भीती तरी वाटत नव्हती.

परवा पुन्हा रक्त गेलं. डॉक्टरीणबाई चिडल्याच. "अपुरा म्हणजे ठीक नव्हे, बाई. तुम्हाला अजून उत्तरच मिळालेलं नाही." आता भूल देऊन, दुर्बिणीने आत बघत तुकडा घेणार. तारीख फोनवर ठरवा म्हणाल्या. दोन वेळा फोन उचलला आणि ठेवला.

ह्यांना आज खरं सांगितलं. सोबत येतो म्हणाले. पण मला तू हवीस. हे लिहितानाही तुझ्यावर जळतेच आहे, तरी ये. भूल उतरताना मी काय बडबडेन ते ऐकायला तूच बरी.

तुझी,
ताई

उद्या: दवाखान्यात फोन करून तारीख घेणे.