कानाने पाहिलेलं प्राग

१० फेब्रुवारी, नेपरव्हिल

शुभाचा व्हिसा आला. माझा नाही!

पासपोर्ट दोन महिन्यांनी संपतोय म्हणून माझा अर्ज काउंटरवरूनच परत. नव्यासाठी धावलो, तो अजून यायचाय. हिमानी दिवाळीपासून बेलव्ह्यूहून ओरडत होती — "बाबा, रिन्यू करा!" मी म्हणालो, भरलेल्या पैशांचे उरलेले महिने फुकट का घालवू? टूथपेस्टची ट्यूब कापून आतून पुसून घेणारा माणूस मी. भोगा आता!

प्रागची तिकिटं नॉन-रिफंडेबल. सगळ्यांत स्वस्त म्हणून मीच शोधलेली. कॅन्सल करू म्हणालो. शुभा पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"कशाला? मी जाते."

"एकटी?"

"तिकीट फुकट जाईल ना!"

माझंच वाक्य. माझ्याच घरात. माझ्यावरच!

१३ फेब्रुवारी

झोप नाही. शुभा म्हणजे आमच्या फ्लोअरिंगच्या दुकानात गिऱ्हाइकाने नेहमीपेक्षा वेगळं काही विचारलं की "अहो, जरा या" म्हणून हाक मारणारी बाई. परक्या शहरात कोणाला हाक मारणार?

तोड सापडली! तिच्या कानात इअरबड, आणि मी इथे फोनवर. व्हिडिओ नाही, डेटा जातो. टॅक्सी नाही, ट्रॅम नाही, सगळं पायी. तिकीट असेल ते बाहेरून बघायचं. बॅगेत दशम्या, चटणी, चिवडा. नकाशा मी पाठ करतोय.

हिमानी म्हणाली, "बाबा, यू आर नॉट गोइंग!"

कळलंय.

१९ फेब्रुवारी

पोहोचली! तिथे दुपार, इथे पहाट. घरी बसून कसं दाखवणार? मीही नदीकाठी निघालो. बर्फ घोट्यापर्यंत. तिलाही नदी, मलाही नदी.

"डावीकडे वळ."

"अहो, भिंत आहे."

"मग उजवीकडे."

"इथे तुमचं काही चालतं का? जिकडे गर्दी जाते तिकडे जाते मी."

मोठं घड्याळ आलं. सांगाडा घंटा वाजवतो, बाहुले फिरतात. मी श्वास रोखून ऐकलं. संपल्यावर शुभा म्हणाली, "एवढंच?" तिच्याशेजारची कोणी बाई त्याच क्षणी म्हणाली, "दॅट्स इट?" मला मात्र आवडलं. थंडीत उभं राहून फुकटात पाहिलेलं सगळंच आवडतं.

"चढ, पुलावर चढ!" असं मी गोठलेल्या नदीकडे बघून ओरडत होतो, तेवढ्यात शेजारचा श्रीरंग कुत्रा घेऊन आला. "काका, ऑल गुड?"

"प्रागच्या पुलावरचे पुतळे बघतोय," म्हणालो. कुत्र्याने मान वळवली.

२० फेब्रुवारी

आज पकडली!

"कुठे आहेस?"

"चालतेय. किल्ल्याचा चढ."

तीस वर्षं फ्लोअरिंगच्या धंद्यात आहे. टाइलवर टकटक केली की खाली भरीव की पोकळ, लगेच सांगतो. आणि मला ही बुटांचा आवाज ऐकून फसवणार? सकाळपासून दगड वाजत होता. आता लाकूड. जुनं, बहुतेक ओक.

"शुभा, तू कॅफेत आहेस."

कपावर चमचा वाजला.

"पाय दुखतात हो."

"काय घेतलंस?"

"कॉफी. आणि केक."

"केक?"

"दोन."

आणि दशम्या?

"दशम्या छान झाल्यात," म्हणाली. "शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही आवडल्या." म्हणजे अनोळखी बाईशी गप्पा मारून, वर खाऊही घालून झालं! आम्हाला कोणी हाक मारली नाही.

२१ फेब्रुवारी

ट्रॅम! मागे रेकॉर्ड केलेली बाई स्टॉपची नावं सांगतेय आणि ही म्हणते, "चालतेच आहे." त्या बाईचं मी विचारलं तर इतकी हसली की तो सगळा डबा ऐकत असणार. मीही हसलो. घरी येऊन ओले मोजे काढताना मात्र हसू गेलं. रस्ता चुकून माझी आठवण काढेल असं मनात धरलं होतं बहुतेक. ही चुकते — आणि मजेत राहते!

२२ फेब्रुवारी

मेसेज: "आज कानात नको. नंतर बोलते."

तरीही नदीकाठी गेलो. बर्फ, बदकं. बाकी काहीच दिसलं नाही.

हिमानीला फोन लावला. "बाबा, लीव्ह हर अलोन ना यार." पोटची पोर बापाला यार म्हणते!

दुपारी शुभाचा फोन. चर्चमध्ये ऑर्गन ऐकला म्हणे. आत जाऊन. तिकीट काढून!

रागवणार होतो. "कसा होता?" एवढंच निघालं तोंडातून.

म्हणाली, "वाटलं, तुम्हाला फोनवर ऐकवावा. हातही घातला पर्समध्ये. मग म्हटलं, राहू दे. आधी आपलं आपण ऐकू."

२५ फेब्रुवारी

विमानतळावर तिचा जाड कोट घेऊन उभा होतो. ती बॅग ओढत आली, कोट घातला, आणि पार्किंगकडे पुढे चालायला लागली. न विचारता. वळली ती बरोबरच.

६ मार्च

नवा पासपोर्ट आला! शुभापुढे नाचवला. "बोल, कुठे जायचं?"

"लिस्बन. मेमध्ये. दोन तिकिटं काढली काल."

मी खूश! "नॉन-रिफंडेबलच घेतलीस ना?"

"माझं नॉन-रिफंडेबल," ती म्हणाली. "तुमचं रिफंडेबल."