एकेचाळीस अंशांवर सहा तास

६ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

बहीण पेशींवरच्या ताणाचा अभ्यास करते, असं तू बेकरीत गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगतोस. काही दिवस सांगू नकोस.

आमच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या दोन उबदार पेट्या शेजारी शेजारी आहेत. एक माझ्या प्रयोगाची, दुसरी सगळ्यांची. आत कायम सदतीस अंश, आपल्या अंगाइतकी ऊब. शुक्रवारी मला माझी पेटी तासभर एकेचाळीसवर न्यायची होती. मी बटण फिरवलं ते सगळ्यांच्या पेटीचं, आणि वही घेऊन बसले माझ्या पेटीसमोर. तासाभराने पेशी तपासल्या, तर त्यांना कसलाच ताण नाही! मला वाटलं, मोठा शोध लागला. त्याच आनंदात बटण परत फिरवायचंही विसरून जेवायला गेले.

संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने दुसरी पेटी उघडली. वेळेची इतकी पक्की की आम्ही तिला घड्याळबाई म्हणतो. आत तिच्या पेशींच्या बारा बश्या होत्या, आठ महिन्यांची मेहनत. सहा तास तापलेल्या. तिचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघालं की यंत्र बिघडलं असेल. सगळ्यांना पटलं. गुरुवारी दुरुस्तीवाले येणार आहेत, आणि ते यंत्र ठणठणीत आहे.

आईला सांगू नकोस. लोभ वाढला नाही तरी चालेल, आहे तो आटू देऊ नकोस.

तोंड लपवून फिरणारी,
तुझी बहीण

९ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मोठ्या शोधापर्यंत वाचून पोट धरून हसलो. पुढचं वाचून तुझ्या वहिनीने डोळे वटारले, म्हणून गंभीर झालो.

खोटं बोलण्यात आपलं घराणं कच्चं आहे. एकदा मी सबंध घाण्यात मीठ घालायला विसरलो, आणि हा रक्तदाबवाल्यांसाठी खास पाव आहे असं ठोकून दिलं. दोन गिऱ्हाइकं महिनाभर तोच मागत राहिली. महिनाभर मी वेगळं बिनमिठाचं पीठ मळत होतो. तेव्हा दुरुस्तीवाले यायच्या आत सरांना सांगून टाक. ओरडा बसेल, पण एकदाच.

आणि ताणाचं एवढं काय घेऊन बसलीस? वीस वर्षं भट्टीपुढे उभा आहे मी. अंगाला सवय होते. मध्ये जरा छातीत भरल्यासारखं झालं, पण ते पिठाच्या धुळीने. वहिनी उगाच बाऊ करते.

आज चांगलं चार पानी पत्र झालं. खिडकीत सकाळचं ऊन छान आलंय, लिहीत बसावंसं वाटतं.

आई बरी आहे. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझा दादा

१४ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

गुरुवारी दुरुस्तीवाले दहाला येणार होते, मी साडेनऊला सरांसमोर उभी. भाषण पाठ केलं होतं. प्रत्यक्षात एवढंच बोलले की बटण मी फिरवलं आणि थापही मीच मारली. सर म्हणाले, चूक त्यांना चालते, थाप चालत नाही. दुपारी घड्याळबाईने मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि जिवंत किती, मेलेल्या किती, ते मोजायला सांगितलं. दोन दिवस मोजत होते. बारापैकी चार बश्या गेल्या. त्या बघून रडले, तर तिने रुमाल दिला आणि आकडा परत विचारला.

आठ जगल्या. त्यांनी वाढ थांबवली आहे. उष्णतेने आतली प्रथिनं वेडीवाकडी होतात, तेव्हा पेशी रोजची बरीचशी कामं बाजूला ठेवते आणि ती सरळ करणारी मदतनीस प्रथिनं बनवत बसते. जे सुधारत नाही ते मोडीत काढते. सवयीचं तू म्हणतोस ते खरं आहे. आधी थोडी ऊब सोसलेली पेशी पुढे जास्त सोसते. पण मर्यादेपर्यंतच, आणि थोडे दिवस. डागडुजी आवाक्याबाहेर गेली की ती स्वतःलाच संपवते.

हे मी शिकवायला लिहीत नाहीये दादा, घाबरून लिहितेय. भट्टी पेटलेली असताना तू कधी दोन ओळी लिहिल्या नाहीस. मंगळवारी सकाळी चार पानं? खिडकीतलं ऊन? आणि वीस वर्षं ती पिठाची धूळ काय सुट्टीवर गेली होती?

वहिनीला फोन केला, तर तिने तीनदा हवामान सांगितलं.

खरं लिही. त्याशिवाय लोभबिभ काही मागणार नाही.

तुझी बहीण

१८ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तीन आठवड्यांपूर्वी भट्टीपुढेच खाली बसलो. हातातला ट्रे गेला, सगळे पाव जमिनीवर. मी म्हणे वहिनीला आधी पाव उचलायला सांगत होतो. तिने मला उचललं. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद आहे. सव्वीस तारखेला ऑपरेशन. तुझं काम अडेल म्हणून गप्प बसलो. तुला चार पानं उपदेश केला तोही अंथरुणातून, हे आठवलं की तोंडावर पांघरूण घ्यावंसं वाटतं.

भट्टी तुझी वहिनी बघते. गिऱ्हाइकं सांगतात, पाव हल्ली हलका झालाय. म्हणजे इतकी वर्षं जड कोण होतं ते कळलं. डॉक्टर म्हणतात, पुन्हा पहिल्यासारखं उभं राहायचं नाही, अर्धा दिवसच. मी मान हलवली. मनातून अजून हलली नाहीये.

आईला काल सांगितलं. तिने माझा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

सुट्टी मिळत असेल तर चोवीसलाच ये. मला भीती वाटते. हा चौथा कागद आहे. आधीच्या तीन कागदांवर त्या जागी मी हवामान लिहिलं होतं.

वाट बघतो.

तुझा दादा