मी चर्चमध्ये दिवे लावले

तीर्थस्वरूप कौसल्याअक्कास,

वादिराजचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त मानसिक). तुझा गुडघा वाकतो का? माझा ताठा परवा वाकला. 'हा काय दिवे लावणार!' असं अप्पा म्हणायचे ना? लावले.

रायापूरच्या आमच्या शेजारीण सुलभाबाई तुला आठवतील. त्यांचा नवरा संदीप, बेलूरच्या कारखान्यातला, दिवाळीत गेला. तेव्हापासून बाई चर्चची पायरी चढल्या नव्हत्या. शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तिथे येशूच्या दुःखसहनाचा कन्नड सिनेमा दाखवतात. "चला, मीही येतो," म्हणून मीच त्यांना नेलं. मी भिंतीलगत बसलेला पाहून पास्टर म्हणाले, "सर, सिनेमा संपला की दिवे तेवढे लावा." जन्मभर व्याकरण शिकवणाऱ्याला बटण दाबणं काय अवघड!

फटके, काटे, रक्त. मी डोळे मिटले. (झोपलो नव्हतो. बरं, थोडासा.) इतक्यात क्रुसावरून आवाज आला, "तीरितु!" अक्का, डब्यातला तांदूळ संपला की आई हेच म्हणायची. मी तत्परतेने सगळे दिवे लावले, वर "चहा कुठे आहे?" असंही विचारलं. थडगं उघडायचं अजून बाकी होतं. प्रोजेक्टरवाल्याने घाबरून यंत्र बंद केलं. लोक डोळे पुसत आणि माझ्याकडे वटारत उठले. पास्टरांनी तिथेच प्रार्थना उरकली.

सुलभाबाई खुर्चीतच होत्या. मी क्षमा मागायला गेलो, तर म्हणाल्या, "असू दे हो सर. दरवर्षी शेवटी रविवार उजाडतो, तो थडग्यातून उठतो, सगळे टाळ्या वाजवतात, मीही वाजवायची. सिनेमात शुक्रवारला चिकटून रविवार येतो. माझ्या घरी अजून शनिवारच चाललाय." मग पदराने तोंड पुसून, "रविवार येणारच नाही असं नाही म्हणत मी. पण घाई किती करता तुम्ही सगळे!"

त्या 'सगळ्यां'त मी होतो. दिवाळीपासून रोज संध्याकाळी कुंपणावरून त्यांना आत्म्याच्या अमरत्वाचे श्लोक ऐकवत आलोय, अन्वयासकट. म्हणजे माझाही रविवारच! बाई "हो सर" म्हणायच्या. मला वाटे, अर्थ पोचतोय. त्या दिवसापासून मी मागच्या दाराने ये-जा करतो.

तुझा शरमिंदा भाऊ,
वादिराज

ता. क. पुढच्या वर्षी पास्टर माझी खुर्ची बटणापासून लांब ठेवणार आहेत. पण ठेवणार आहेत, हे विशेष.

आणखी ता. क. (खरं पत्र इथून.) भाऊजी गेले तेव्हा तुझी शेजारीण दुर्गव्वा तुझ्याजवळ नुसती शेंगा सोलत बसायची, आठवतं? तशी चार दिवस सुलभाबाईंपाशी बसायला ये. मला नुसतं बसता येत नाही. येताना शेंगा आण. इथला श्लोकांचा साठा तीरितु.