समोरच्या कुंपणावरची पाटी

बुधवार, तारीख अठरा

चि. विसरभोळीस,

आजीचे आशीर्वाद. तुला एक आजी आहे आणि तिचा पत्ता बदललेला नाही, एवढं आठवत असेल तर पुढे वाच. मागच्या खेपेला औषधांच्या पाकिटात तुझा चष्मा निघाला. तो लावून मी आठवडाभर ऐटीत बसले. अक्षरं तेव्हाही कळली नाहीत.

पत्र शेजारच्या नर्सबाई लिहून देताहेत. गुडघा जागच्या जागी दुखतोय. मांजर व्यायली.

आपल्या दारासमोर पालिकेच्या बागेचं कुंपण आहे ना, त्यावर पंधरवड्यापूर्वी एक पाटी लागली. वाचणारा आधी पाटीकडे बघतो, मग आपल्या दाराकडे, मग माझ्याकडे. "बऱ्या आहात ना, आजी?" म्हणतो आणि चालू पडतो. शिंप्याने उशीचे अभ्रे दुसऱ्या दिवशी आणून दिले. एरवी चार महिने रखडवतो. पाटीवर काय लिहिलंय, ते मात्र कुणी सांगेना.

शेवटी पालिकेचा माणूस बोलावला. त्याने टेप लावली. दोन फूट बाय दीड, बरोबर. तारीख पाहिली, तीस दिवस व्हायचेत. खाली लावणाऱ्याचं नाव-पत्ता वाचला आणि टेप गुंडाळताना त्याच्या हातून दोनदा सुटली.

"काढता येणार नाही, आजी. मजकूर बघायचा नाही असा नियम आहे. माप, तारीख, नाव. तिन्ही आहेत."

"नाव कुणाचं?"

"लावणारा जिवंत असावा असं नियमात कुठे म्हटलेलं नाही," म्हणाला, आणि सायकल विसरून गेला.

हे तुझ्याकडून राहिलं बघ. नियम तुझाच. आजोबांनी त्याच कुंपणावर 'नळाला पाणी नाही' अशी पाटी लावली, ती पालिकेने फोडून गटारात टाकली, आणि त्या दिवसानंतर त्यांनी ब्रश धरला नाही. म्हणून तू हट्टाने त्याच पालिकेत चिकटलीस आणि लिहून घेतलंस की पटो न पटो, तीस दिवस कुणाच्या पाटीला कुणी हात लावायचा नाही. तो नियम झाला तेव्हा आजोबा हयात असायला हवे होते.

नाव मी उगाच विचारलं. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

मला वाचता येत नाही, पण चाळीस वर्षं आजोबांच्या पाट्या मीच रंगवल्या. बाहेरची रेघ त्यांची, पोटातला रंग माझा. ते कडक शेंगदाणे खात मला अक्षरं शिकवायला बघायचे. मी म्हणायचे, अक्षर कळलं की हात थरथरतो, तुम्ही रेघ ओढा. समोरच्या पाटीवर नुसत्या रेघा होत्या. सोळा अक्षरं, पोटं रिकामी. प्रत्येक रेघेच्या शेवटी ब्रश उचलताना ते द्यायचे तो झटका.

माळ्यावरून निळ्या रंगाचा डबा काढला. अकरा वर्षं बंद होता. झाकण उचकटलं तर रंग ओला.

दुपारी बागेत कुणी नसतं. मी रोज एक अक्षर भरते. तेराच्या तेरा कशी टपोरी बसलीत. दुसऱ्याच्या पाटीला हात लावू नये हे ठाऊक आहे, पण ही दुसऱ्याची कशी?

काल नर्सबाईंना शपथ घातली, तेव्हा त्यांनी वाचून दाखवलं. 'समोरचं घर रविवारपासून रिकामं.'

नर्सबाई, थांबू नका, लिहा.

ऐकल्यावर हात थरथरेल असं वाटलं होतं. नाही थरथरला. आजचंही अक्षर भरलं. आता शेवटचा शब्द उरलाय. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

तू ओरडशील, फोन फिरवशील, पाटी उतरवायला माणसं धाडशील. ते करू नकोस. एकदा उतरवली तेव्हा काय झालं ते तू पाहिलंयस. नियम केलास तो आजोबांसाठी, तर आजीसाठी मोडू नकोस. पटो न पटो.

यायचं तर शनिवारच्या आत ये. मांजरीची पिल्लं घेऊन जा. नाही जमलं तर रागावणार नाही, विसरभोळी म्हणेन फक्त.

येताना भाजलेले शेंगदाणे आण, नाहीतर पार्सलने पाठव, सालासकट, चांगले कडक. मला दात नाहीत हे माझ्या लक्षात आहे.

तुझी,
समोरच्या घरातली आजी