स्टॉरकाकांचा चांगला डोळा

व्हिटबी, ३ मार्च १९५१
कागद उचलला आणि हादरलेच! शेजारच्या कोळी स्टॉरकाकांचा डावा डोळा काचेचा — मी छापलेल्या त्यांच्या चित्रात, माझ्या ठशात, उजवा! लाकडावर कोरलेलं छापताना उलटं होतं, म्हणून इतकी वर्षं मी चित्र आरशात बघूनच कोरत आले. या वेळी आरसा ठेवला होता ना? आठवत नाही. एनिड म्हणते, होता. माझी बहीण उगाच काही सांगायची नाही. मग?

५ मार्च
स्टॉर पतिपत्नी चहाला. ठसा बघून बाई भडकल्याच. "मिस हॅलम, चांगला डोळा फोडलात की हो आमच्या ह्यांचा!" काका मात्र बेहद्द खूश. दाढी करताना आरशात अगदी असाच दिसतो, म्हणाले. तिथेच दोघांची जुंपली. बाईंना दुसरा हवा, काका हा सोडायला तयार नाहीत. शेवटी बोटीतल्या जाळ्यांसारखा गुंडाळून काखेत मारून घेऊन गेले. चूक पचली! पण झाली कशी?

९ मार्च
बंदराचं चित्र कोरायला नवा लाकडी ठोकळा घेतला. लंडनच्या प्रदर्शनासाठी. हा बिघडला तर दुसरा कोरायला वेळ नाही, आणि माझ्या वयाला परत कोण बोलावतंय! आरसा स्वतः पुसला, स्वतः समोर ठेवला.

१४ मार्च
कोरणी लोण्यातून फिरावी तशी फिरतेय. उगाच घाबरले होते.

१७ मार्च
बंदराचा ठसा काढला — कड्यावरचा जुना मठ भलत्याच कड्यावर! पूर्वेचा मठ पश्चिमेला! खिडकीतून रोज दिसतो तो मला. आरसा होता, मीच ठेवला होता. मग कोरताना मी बघत कुठे होते — आरशात, की थेट चित्राकडे? डोकं नुसतं गरगरतंय. एनिड म्हणाली, "अगं, जन्मभर उलटं कोरून कुणीही गोंधळेल." हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मला राग आला. कुणाचा, तेच कळत नाही. लंडनला काय कळवू?

१९ मार्च
एनिड डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, डावा हात वर करा. मी केला. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. एनिडने माझा हात हळूच खाली घेतला आणि दुसरा वर धरला.